तंजावरचा सरस्वती महाल : आधी तयारी, मग भेट

तंजावर पाहून आलेल्या मराठी माणसाला तिथल्या राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाबद्दल विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : "हो, गेलो होतो. एक दालन आहे, काचेच्या कपाटांत पोथ्या मांडल्यात. वीस मिनिटांत झालं." हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. ज्या दालनातून हे लोक वीस मिनिटांत बाहेर पडले, त्याच्या पलीकडे सुमारे ४९ हजार हस्तलिखितं आहेत. त्यांतली सुमारे ३९ हजार संस्कृत, साडेतीन हजारांच्या आसपास तमिळ, आठशेवर तेलुगू आणि तीन हजारांवर मराठी. मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आणखी वेगळे. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, कावेरीच्या खोऱ्यात, मराठीचा एवढा मोठा ठेवा एका छपराखाली आहे.

लोकांची तक्रार मात्र खोटी नाही. पर्यटकाला पाहायला मिळतं ते ग्रंथालयाचं छोटं संग्रहालय. खरं ग्रंथालय आत असतं आणि तिथे सहज फिरता येत नाही. त्यामुळे दालनात काय दिसेल, हे तुम्ही काय वाचून आलात यावर ठरतं. तीन वेळा तिथे गेल्यावर मला जे उमगलं ते इथे क्रमाने लिहितो. पहिल्या भेटीत मीही अर्ध्या तासात बाहेर पडलो होतो. तिसऱ्या भेटीत दुपार पुरली नाही.

निघण्याआधी : एक गोष्ट वाचून ठेवा

ती गोष्ट म्हणजे दुसऱ्या सरफोजी राजांची. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजे एकोजी, यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि तिथे भोसल्यांचं राज्य सुरू झालं. ग्रंथसंग्रह त्याच्याही आधीचा, नायक राजांच्या काळातला. भोसल्यांनी तो जपला आणि वाढवला. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजी १६८४ मध्ये गादीवर आले. त्यांनी मराठीत नाटकं लिहिली, आणि 'पंचभाषाविलास' हे त्यांचं नाटक तर पाच भाषांत बोलतं. मराठी नाटकाचा इतिहास सांगलीपासून, म्हणजे विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या नाटकापासून, सुरू करायची आपली सवय आहे. तंजावरच्या पोथ्या त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधीच्या आहेत.

संग्रहाला आजचं रूप दिलं ते मात्र सरफोजींनी (१७७७–१८३२). तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतलं. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याचं छत्र आणि शिकवण त्यांना लहानपणी लाभली. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे उरला तो किल्ला, राजवाडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. पुढची तेहेतीस वर्षं या माणसाने तो पैसा आणि आपलं सगळं मन विद्येत घातलं. युरोपातून पुस्तकं मागवली. राजवाड्यात छापखाना काढला. इसापनीतीचं 'बालबोध मुक्तावली' हे मराठी भाषांतर १८०६ मध्ये त्याच छापखान्यातून बाहेर पडलं. धन्वंतरी महाल उभारून तिथे वैद्यकाचे प्रयोग चालवले. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या. १८२० मध्ये मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले, तेव्हा वाटेत आणि काशीत पंडितांना बसवून पोथ्यांच्या नकला करवून घेतल्या आणि त्या घेऊनच परतले.

ही पार्श्वभूमी डोक्यात असली की कपाटातला प्रत्येक जिन्नस बोलू लागतो. नसली तर तो नुसता जुना कागद राहतो.

एवढ्यावर थांबायचं असेल तर थांबा. पण हाताशी आठवडाभर असेल तर मोडीची अक्षरओळख करून घ्या. पोथी वाचता येण्याइतकी मोडी आठवड्यात येत नाही. अक्षरं पकडता येण्याइतकी येते. तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या तरी चालेल. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि अक्षरं तिला टांगत जातात. हात शक्यतो न उचलता लिहितात, म्हणून शब्दांमध्ये जागा सुटत नाही. आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. 'श्री', 'राजश्री', 'सरकार', 'हुजूर', 'बाबत', 'साल' एवढे शब्द मोडीत लिहून त्याचा कागद खिशात ठेवा. तंजावरच्या मोडीचं वळण पुणे दफ्तरातल्या, म्हणजे पेशवाईच्या कागदांतल्या, मोडीपेक्षा थोडं वेगळं आहे, त्यामुळे पुण्यात मोडी शिकलेल्यालाही सुरुवातीला अडखळायला होतं. पण काचेमागच्या एका ओळीत 'राजश्री' सापडलं ना, की मग तुम्ही त्या कपाटासमोरून हलत नाही. माझ्या बाबतीत हे दुसऱ्या भेटीत घडलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुण्या कारकुनाचा हात एकदम ओळखीचा वाटला. हिशेबाच्या कागदात 'चक्रम' हा शब्द भेटला तर गोंधळू नका. ते त्या मुलखातलं नाणं.

कधी आणि कसं जायचं

डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा मोठा पावसाळा असतो, हे आपल्याकडचे लोक विसरतात आणि दिवाळीच्या सुट्टीत भिजत फिरतात. एप्रिल-मेमध्ये राजवाड्याच्या दगडी अंगणात पाय ठेववत नाही. जानेवारीच्या मध्यावर पोंगलच्या सलग सुट्ट्या येतात, ते दिवस टाळा.

मुंबई-पुण्याहून सोयीचं म्हणजे चेन्नई गाठायची आणि तिथल्या एग्मोर स्टेशनवरून रात्रीची उळवन एक्स्प्रेस पकडायची, सकाळी तंजावर. विमानाने यायचं तर जवळचा विमानतळ तिरुचिरापल्लीचा. तिथून तंजावर साधारण ६० किलोमीटर आहे, बस आणि गाड्या भरपूर. नकाशावर आणि तिकिटावर 'तंजावूर' नाव शोधा.

वाराकडे नीट लक्ष द्या. मी गेलो तेव्हा संग्रहालय बुधवारी बंद असे, आणि इतर दिवशी सकाळी १० ते १ व दुपारी १.३० ते ५.३० अशी वेळ होती. सरकारी सुट्ट्यांनाही ते बंद असतं. वेळा बदलू शकतात, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलातून फोन करून विचारून घ्या. महाराष्ट्रातून एवढ्या लांब जाऊन बंद दार पाहण्यापेक्षा एक फोन बरा.

स्टेशनपासून राजवाडा दोनेक किलोमीटर. रिक्षावाल्याला 'सरस्वती महाल' म्हणालात तर समजेल; न समजल्यास 'अरण्मनै' म्हणा, म्हणजे राजवाडा. ग्रंथालयाला तमिळमध्ये 'नूलगम्' म्हणतात. 'नूल' म्हणजे ग्रंथ आणि 'नूल' म्हणजेच सूतही. ताडपत्रांत दोरा ओवलेला पाहाल तेव्हा हा शब्द आठवेल.

राजवाड्याच्या दारातून दालनापर्यंत

राजवाड्याचं आवार मोठं आहे आणि त्यात वेगवेगळ्या संस्थांच्या ताब्यातली ठिकाणं आहेत : चोळकालीन कांस्यमूर्तींचं कलादालन, मराठा दरबार, राजघराण्याचं संग्रहालय आणि सरस्वती महाल. तिकिटंही निरनिराळी. एका खिडकीवर तिकीट घेतलं म्हणजे सगळं झालं असं समजू नका, आणि सुटे पैसे जवळ ठेवा. हातातलं तिकीट नेमकं कशाचं, हे तिथेच विचारून घ्या.

माझा आग्रह असा की सकाळी दहाला सगळ्यात आधी सरस्वती महालात शिरा. कलादालन इतकं भव्य आहे की ते आधी पाहिलं तर डोळे आणि पाय दोन्ही थकतात, आणि मग पोथ्यांच्या वाट्याला उरलेला वेळ येतो. वीस मिनिटांचं रहस्य मला वाटतं यातच आहे.

आत फोटो काढायला मनाई आहे. मोबाइल पिशवीत टाका आणि त्याऐवजी एक छोटी वही व पेन्सिल काढा. फोटो काढता येत नाही म्हणून माणूस नीट पाहतो, हा अनुभव मी तिथेच घेतला. चष्मा लागत असेल तर जवळचा चष्मा विसरू नका. ताडपत्रावरची अक्षरं मोहरीएवढी असतात. उजेड बेताचा असतो, तो पोथ्यांच्या भल्यासाठी.

दालनात : कुठे थांबायचं

पहिली फेरी न थांबता मारा, पाच मिनिटांत. कुठे काय आहे ते कळलं की परत दाराशी या आणि मग सावकाश सुरुवात करा.

*ताडपत्रं.* इथे पहिला मुक्काम करा. ताडाचं पान कापून, उकळून, वाळवून, घासून गुळगुळीत करतात. त्यावर लोखंडी टोकदार लेखणीने अक्षरं कोरतात, तेव्हा ती दिसतसुद्धा नाहीत. मग काजळी आणि तेल चोळून पान पुसतात, की काजळी कोरीव रेघांत बसते आणि अक्षर उमटतं. पानाला भोक पाडून दोरा ओवायचा, वर-खाली लाकडी फळ्या लावायच्या, झाली पोथी. दक्षिणेकडच्या लिप्या इतक्या गोलाकार का, याचं एक कारण असं सांगतात की सरळ आडवी रेघ पानाच्या शिरेवर पडली तर पान चिरतं. देवनागरीची शिरोरेषा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे आपल्या पोथ्या कागदावर का वाढल्या तेही लक्षात येईल. किडीपासून वाचवायला अशा पानांना गवती चहाच्या जातीच्या गवताचं तेल लावतात. तो वास जुन्या संग्रहांत येतो. तिथे कुणी कर्मचारी मोकळे असतील तर त्यांना हे विचारा, ते आनंदाने सांगतात.

*मराठी आणि मोडी.* खिशातला कागद इथे बाहेर काढा. नाटकं, आख्यानं, रामदासी वाङ्मय, वैद्यक, हिशेब असं सगळं या संग्रहात आहे. समर्थांच्या शिष्यांनी तंजावर आणि मन्नारगुडी भागात मठ स्थापले होते, त्यामुळे रामदासी पोथ्या इथे पोचल्या आणि टिकल्या. सरफोजींची स्वतःची 'देवेंद्र कुरवंजी' ही रचना मराठीत आहे. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी डोंगरकन्या जिच्यात येते तो तमिळ नाट्यप्रकार, आणि या राजाने तिच्या तोंडून जगाचा भूगोल सांगितला. खंड, देश, नद्या, सगळं मराठी पदांतून. राजवाड्यातल्या मुलांना गाण्यातून भूगोल शिकवायची ही कल्पना मला आजही थक्क करते.

*चित्रं.* गजशास्त्र आणि अश्वशास्त्राच्या सचित्र पोथ्या, पक्षी आणि वनस्पतींची रंगीत चित्रं, नकाशे. शार्ल लब्रून या १७ व्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराची, माणसाचे चेहरे आणि प्राण्यांचे चेहरे शेजारी मांडणारी चित्रं मुलांना फार आवडतात. पण सावध राहा : चीनमधल्या शिक्षांची चित्रंही याच दालनात आहेत आणि ती अंगावर येतात. बरोबर लहान मूल असेल तर पहिल्या फेरीत त्यांची जागा हेरून ठेवा आणि तिथून मुलाला पुढे न्या.

*राजाची पुस्तकं.* सरफोजींनी जमवलेली साडेचार हजारांच्या आसपास युरोपीय पुस्तकं आहेत, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन अशा भाषांतली. त्यांत जॉन्सनच्या इंग्रजी कोशाची १७८४ ची प्रत आहे. बहुतेकांवर राजाने इंग्रजीत सही केलेली आहे. एखादं उघडलेलं पान मांडलेलं असेल तर ती सही शोधा. ज्या कंपनीने राज्य घेतलं तिची भाषा या माणसाने इतकी आपलीशी केली, आणि त्याच हाताने मराठी भूगोल लिहिला. त्या सहीसमोर मी बराच वेळ उभा राहिलो.

आतलं ग्रंथालय : पोथी प्रत्यक्ष पाहायची असेल तर

तंजावरचे शेवटचे राजे, सरफोजींचे चिरंजीव शिवाजी, १८५५ मध्ये पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केलं. ग्रंथ मात्र वाड्यातच राहिले. पुढे बर्नेल या इंग्रज न्यायाधीशाने संस्कृत पोथ्यांची सूची केली, ती १८८० मध्ये प्रसिद्ध झाली. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी ग्रंथालय सार्वजनिक झालं. त्यानंतर गावातल्या विद्वान घराण्यांनी आपापले संग्रह आणून दिले. त्या देणगीदारांत जंबुनाथभट लांडगे, कागलकर, पतंग अवधूत ही नावं भेटतात. तंजावरच्या ग्रंथसूचीत लांडगे आणि कागलकर वाचताना काय वाटतं, ते मराठी वाचकाला सांगायला नको.

म्हणजे हे ग्रंथालय कायद्याने लोकांचं आहे. पण दुर्मिळ पोथी मागितली आणि समोर आली असं होत नाही, आणि तसं होऊही नये. रीत अशी :

१. निदान महिनाभर आधी ग्रंथालयाला पत्र किंवा ईमेल लिहा. काय पाहायचं आहे आणि कशासाठी, ते चार ओळींत नेमकं सांगा. "मराठी पोथ्या दाखवा" असं लिहून काही साधत नाही.

२. त्यासाठी छापील सूची आधी चाळा. मराठी हस्तलिखितांच्या सूची ग्रंथालयानेच प्रसिद्ध केल्या आहेत आणि पुण्या-मुंबईच्या मोठ्या संशोधन-ग्रंथालयांत विचारल्यास सापडतात. सूचीतला क्रमांक पत्रात दिलात तर अर्धं काम झालंच.

३. ओळखपत्र आणि शक्य असेल तर महाविद्यालयाचं, संशोधन मंडळाचं किंवा गावच्या वाचनालयाचं शिफारसपत्र न्या. हौशी अभ्यासकाने वाचनालयाचं पत्र नेण्यात संकोच करू नये.

४. पोचल्यावर आधी कार्यालयात भेटा. पोथीजवळ शाईचं पेन काढू नका, हात कोरडे ठेवा, पान बोटाला थुंकी लावून उलटायची सवय असेल तर ती दाराबाहेर ठेवा. नक्कल हवी असल्यास तिची रीतसर परवानगी आणि शुल्क असतं.

यासाठी दोन पूर्ण दिवस राखून ठेवा. पहिला दिवस बहुधा परवानगीत जातो. त्यात चिडण्यासारखं काही नाही. इतकी वर्षं या पोथ्या टिकल्या त्या अशाच सांभाळण्यामुळे.

बाहेर पडताना विक्री विभाग चुकवू नका

ग्रंथालय स्वतः ग्रंथ प्रकाशित करतं आणि किंमती आश्चर्य वाटावं इतक्या कमी असतात. पोथीत पडून राहिलेली नाटकं, वैद्यकाचे ग्रंथ, संगीतावरचे ग्रंथ इथून छापून आले आहेत. दरबारी स्वयंपाकावरचं 'शरभेंद्र पाकशास्त्र' शिल्लक असेल तर जरूर घ्या. शरभेंद्र म्हणजे सरफोजीच. तमिळ पाट्यांवरही ते 'सरबोजी' म्हणून भेटतात. घेण्याआधी पुस्तक उघडून पाहा, कारण मूळ मराठी असलं तरी छापील प्रत कधी तमिळ लिपीत किंवा तमिळ अनुवादासह असते. पिशवीत जागा ठेवूनच जा. मी तिसऱ्या वेळी नऊ पुस्तकं आणली आणि दोन नाटकं सोडून आलो, त्याची चुटपुट अजून आहे.

उरलेला दिवस

दुपारी राजवाड्यातलं बाकीचं पाहा. कलादालनात कांस्यमूर्तींबरोबर सरफोजींची हात जोडून उभी असलेली संगमरवरी मूर्ती आहे. सकाळी ज्याच्या सह्या पाहिल्या तो माणूस इथे समोर येतो. मराठा दरबाराच्या रंगवलेल्या खांबांखाली थोडं बसा.

चार वाजता बृहदीश्वराचं देऊळ दुपारच्या विश्रांतीनंतर उघडतं. गावात त्याला 'पेरिय कोविल', मोठं देऊळ, म्हणतात. शिखर पाहून झालं की प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीकडे चला. तिथे देवनागरीत कोरलेला मराठी लेख आहे : भोसले घराण्याचा इतिहास, १८०३ मध्ये सरफोजींनी कोरवून घेतलेला. लेख फार लांब आहे, भिंतीच्या भिंती भरल्या आहेत. इथे मोडी लागत नाही, परवानगी लागत नाही, काच आडवी येत नाही. जुनी भाषा आहे, शब्द सलग आहेत, पण वाचता येते. संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की अक्षरं जास्त उठून दिसतात. मोठ्याने वाचायला लागा, मी वाचत होतो तेव्हा मागून एक आजोबा येऊन उभे राहिले आणि तमिळ वळणाच्या मराठीत म्हणाले, "पुढं वाचा की."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीला वेळ असेल तर देवळाजवळच्या शिवगंगा बागेपाशी १७७९ चं श्वार्ट्झचं चर्च आहे. आत फ्लॅक्समन या शिल्पकाराने घडवलेला संगमरवरी पट आहे : मरणशय्येवरचे श्वार्ट्झ, आणि त्यांचा हात हातात घेतलेले तरुण सरफोजी. चर्च बंद असेल तर शेजारी विचारा, किल्ली कुणाकडे असते ते सांगतात.